अण्णांबरोबर पाहिलेल्या पेठा

हैदराबाद आणि बंगळूर ही दोन्ही शहरं मी गेल्या थंडीत पाहिली. पाहिली म्हणजे त्यांचा मधला भाग तेवढा पाहिला. किल्ले, तलाव, बागा यांतलं काहीच आम्ही बघितलं नाही. आम्ही बाजारपेठा बघायला गेलो होतो.

आम्ही म्हणजे मी आणि मल्लिनाथअण्णा. अण्णा माझे मालक. सोलापुरात नवी पेठेत त्यांच्या वडिलांनी काढलेलं कापडाचं दुकान, आणि त्या दुकानात साड्यांच्या काउंटरवर मी एकोणतीस वर्षं. माझे वडील यंत्रमागावर होते, घरात आम्ही तेलुगू बोलतो. अण्णांच्या घरी कानडी. दुकानात अर्थातच मराठी. म्हणूनच त्यांनी मला बरोबर घेतलं. हैदराबादेत बोलायचं काम माझं, बंगळुरात त्यांचं.

निघायचं कारण त्यांचा मुलगा गिरीश. नवी पेठेतली जागा विकून जुळे सोलापूर या गावाबाहेरच्या नव्या वस्तीत मोठं शोरूम काढायचं त्याच्या मनात होतं. कागद तयार होते, फक्त अण्णांची सही व्हायची होती. गिरीशचं म्हणणं, जगात सगळीकडे शहराचा मधला भाग मरतोय, माणसं बाहेर राहायला गेली, दुकानांनीही जावं. अण्णा त्याला म्हणाले, जग मी बघितलेलं नाही, दोन मोठी शहरं बघून येतो आणि मग सांगतो. गिरीशने गाडी करून देतो म्हटलं, सोबत यायला तयार झाला. अण्णांनी दोन्ही नाकारलं. अव्वा, म्हणजे अण्णांची बायको, त्यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली. अण्णा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते आणि जिना चढताना मध्ये थांबत.

दुकानात आम्ही पाच नोकर होतो.  पाचही जणांचं पुढचं सगळं त्या सहीवर होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

हैदराबाद

नामपल्ली स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरलो. आंघोळी करून, लॉजच्या गच्चीत कडक भाकरी दह्यात कुस्करून खाल्ली आणि चालत निघालो.

बाजार कसा बघायचा हे अण्णांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. मी गर्दीकडे बघत होतो. ते म्हणाले, गर्दी बघू नकोस, हात बघ. किती जणांच्या हातात पिशवी आहे ते बघ. रिकाम्या हातानं फिरणारी माणसं बाजाराची नसतात, रस्त्याची असतात.

त्या हिशेबाने अबिड्सचा रस्ता आम्हाला थोडा दमलेला वाटला. रुंद रस्ता, जुन्या मोठ्या इमारती, वाहनं भरपूर, पण माणसं गाडीतून पुढे निघून जाणारी. एका बंद दुकानाच्या पायरीवर फळवाला बसला होता. दुकान कशाचं होतं, असं मी त्याला तेलुगूत विचारलं. तोही सांगू शकला नाही. तो आला तेव्हापासून ते बंदच होतं.

तिथून कोटीकडे वळलो आणि सुलतान बाजारात शिरलो तेव्हा मात्र चित्र पालटलं. डोक्यावरून मेट्रोचा पूल आणि खाली बायकांची एवढी दाटी, की आमची नवी पेठ दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी जेवढी भरते तेवढी ती एका गल्लीत एका साध्या मंगळवारी भरलेली. जवळजवळ प्रत्येकीच्या हातात पिशवी, काहींच्या दोन्ही हातांत. आमची पेठ अण्णांच्या चालीनेसुद्धा चहा निवायच्या आत संपते. इथे तासभर चाललो तरी बाजाराचा शेवट आला नाही. एका काउंटरवरचा माणूस साडीचा पदर ज्या झटक्याने गिऱ्हाइकापुढे टाकत होता, ते बघत मी उभाच राहिलो. मला असा पदर टाकून किती दिवस झाले होते ते आठवेना.

अण्णा खूष होतील असं मला वाटलं होतं. ते एका खांबाला टेकून बघत राहिले आणि म्हणाले, ही सगळी माणसं राहतात कुठं ते विचार. मी एका बाईंना विचारलं. त्या मेट्रोने तासाभराच्या अंतरावरून आलेल्या होत्या. अण्णांनी मान हलवली. पुढे मदिना चौकाकडे गेलो तेव्हा कबाबच्या वासाने त्यांनी उपरणं नाकाला लावलं, पण पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखालची कापडदुकानं त्यांनी एकूण एक बघितली. संध्याकाळी इराणी चहा त्यांना आवडला. मी त्यांना बिस्कीट बुडवून खाताना पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, आता नवं हैदराबाद बघू, गिरीश ज्याची उदाहरणं देतो ते. मेट्रोने शेवटपर्यंत गेलो. बाहेर आलो तर चारी बाजूंना काचेच्या इमारती, मान मोडेल एवढ्या उंच. रस्ते स्वच्छ. आणि माणसं नाहीत. म्हणजे होती, पण आत. जेवणाच्या सुट्टीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण पोरंपोरी बाहेर आली, तासाभरात परत आत गेली. हातात फक्त मोबाइल. दुकान म्हणावं असं काही नाही, बसायला पायरी नाही, झाडाखाली कट्टा नाही.

तिथेच अण्णांची पंचाईत झाली. त्यांना लघवीला जायचं होतं आणि या वयात ती थांबत नाही. मी दोन इमारतींच्या फाटकांवर विचारलं. दोन्हीकडे ओळखपत्र मागितलं. तिसऱ्या फाटकापर्यंत जाईस्तोवर अण्णांचं धोतर भिजलं. ते तसेच उभे राहिले, दोन्ही हात पुढे धरून. आयुष्यभर कडक इस्त्रीच्या कपड्यांत बघितलेला माणूस. मी उपरणं सोडून त्यांच्या कमरेला गुंडाळू लागलो, तेव्हा तिसऱ्या फाटकावरचा रखवालदार जवळ आला. त्याने आमचं मराठी ऐकलं होतं. तो अक्कलकोटकडचा निघाला.

त्याने अण्णांशी कानडीत बोलायला सुरुवात केली आणि मागच्या दाराने आम्हाला रखवालदारांच्या खोलीत नेलं. बादली दिली, स्वतःची लुंगी दिली. धोतर धुऊन आम्ही पाइपवर वाळत घातलं. ते वाळेपर्यंत तो बोलत होता. त्याच्या लग्नाचा बस्ता नवी पेठेतच बांधला होता, कुठल्या दुकानात ते आठवत नव्हतं. अण्णांनी विचारलं, आता कापड कुठून घेतोस. तो हसला.

"आता कोन जातंय पेठंत, आजोबा. बायको मोबाइलवर बघती, दारात येतंय. गावाकडं बी तसंच हाय की."

अण्णा त्या खोलीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत लुंगी नेसून बसले होते.  रात्री त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

बंगळूर

बंगळुरात मॅजेस्टिकजवळ उतरलो. इथे उलटं झालं. अण्णा बोलायचे आणि मी मागे उभा. दुकानात कानडी गिऱ्हाइकांशी बोलण्यापुरतं मला येतं. रंग, वार, काठ, यापलीकडे नाही. अण्णांचं कानडी सोलापूरचं. हॉटेलातला वेटर त्यांचं बोलणं दोनदा ऐकून मगच आत जायचा. पण खारा बाथ, म्हणजे तिथला उपमा, आणि फिल्टर कॉफी पुढे आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

पहिल्या संध्याकाळी एम. जी. रोडला गेलो. दिवे, पुस्तकांची, बुटांची, चष्म्यांची दुकानं, फुटपाथ माणसांनी भरलेला, कानांत वायर घातलेली पोरं, कुत्र्यांना फिरवणाऱ्या बायका. जिवंतपणाबद्दल शंका नाही. पण अण्णांचे डोळे हातांवर होते. हातात कॉफीचे कागदी पेले. ते म्हणाले, ही माणसं इथं संध्याकाळ घालवायला येतात, घ्यायला नाही. मला मात्र ती जागा आवडली. इतक्या माणसांत कुणीच आपल्याला ओळखत नाही हे मला त्या वेळी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच गोष्टीची भीती वाटणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिकपेट. अण्णा तरुणपणी वडिलांबरोबर इथे रेशीम घ्यायला यायचे. ते ज्या व्यापाऱ्याकडून माल घेत त्याची पेढी शोधत आम्ही तीन गल्ल्या हिंडलो. गल्ल्या अशा अरुंद, की हात पसरला तर दोन्हीकडची दुकानं लागावीत, आणि त्यातून डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल ओरडत धावताहेत. प्रत्येक इमारतीच्या पोटात आणखी एक गल्ली, तिच्यात वीस-वीस दुकानं. नवी पेठ, मंगळवार पेठ आणि आमच्याकडचं सगळंच इथे एका कोपऱ्यात मावलं असतं. मी अण्णांना तसं म्हणालोही. ते म्हणाले, हो, पण हे गाव अर्ध्या देशाला कापड पाठवतं, आपण कुणाला पाठवतो?

पेढी सापडली. तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. आतल्या माणसाला जुन्या व्यापाऱ्याचं नावही माहीत नव्हतं.

जवळच्या एका खानावळीत आम्ही दोसा घेतला. अण्णांनी लोण्याचा गोळा बाजूला काढून ठेवला. कॉफी आल्यावर बोलले. सुलतान बाजार जिवंत आहे, चिकपेट जिवंत आहे, म्हणजे गिरीशचं म्हणणं खोटं आहे, पेठा मरत नाहीत. पण या पेठा जगतात त्या बाहेरून येणाऱ्या माणसांवर. आपल्या पेठेत येणाऱ्यांची पोरं आता इथं आहेत, तिथं काचेत आहेत, पुण्यात आहेत. मागे राहिलेली म्हातारी माणसं वर्षाला दोन धोतरं आणि दोन लुगडी घेतात.

"गिरीशला सांगायचं, विक म्हणून," ते म्हणाले. "पण एक अट. माझी माणसं नव्या दुकानात जातील. सगळी."

आणि त्यांनी हाताची पाच बोटं माझ्यापुढे धरली. नावं घेतली नाहीत, घ्यायची गरज नव्हती. मी म्हटलं, फोन लावू का, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, फोनवर सांगायची गोष्ट नाही, घरी जाऊन मीच सांगतो.

खानावळीतून बाहेर पडून आम्ही मोठ्या रस्त्याकडे निघालो. गल्लीच्या मध्यावर अण्णा एका दुकानाच्या पायरीवर बसले. दम लागला असेल म्हणून मी पाण्याची बाटली उघडली. ते घोट घ्यायला वाकले आणि तसेच पुढे आले. मी त्यांना छातीशी धरलं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे नव्हते.

दुकानदार बाहेर आला, कानडीत भराभर काही विचारू लागला. माझ्या तोंडातून तेलुगू येत होतं, मध्येच मराठी. कुणीतरी पाणी मारलं, कुणी पायताण काढलं. शेवटी सेफ्टी पिना विकणाऱ्या एका बाईने मला तेलुगूत सांगितलं, इथे रिक्षा येत नाही, रस्त्यापर्यंत न्यायला हवं. एका हमालाने स्वतःच्या हातगाडीवरचे गठ्ठे उतरवून दुकानांच्या कडेला लावले, अण्णांना गाडीवर घेतलं आणि ओरडत पळत सुटला. मी एका हाताने त्यांचं डोकं धरून बाजूने धावत होतो. लोक सरकत होते, वाट मिळत होती. एकदा मागे बघितलं तर आमच्या मागची वाट मिटलेली होती, तिथे पुन्हा तेवढीच गर्दी होती.

दवाखान्यात डॉक्टरने तपासलं आणि वाटेतच गेले असं सांगितलं. हमाल तोपर्यंत थांबला होता. त्याने अण्णांच्या पायाला हात लावला आणि मला खुणेने सांगितलं की गठ्ठे रस्त्यावर आहेत. तो गेल्यावर त्या शहरात मी एकटा उरलो.

गिरीशला फोन केला. तो रडला, मग सावरून म्हणाला, मी निघून पोचेपर्यंत उद्या उजाडेल, तूच घेऊन ये. मग फोन अव्वांनी घेतला. त्या रडत नव्हत्या. त्यांनी एवढंच सांगितलं:

"अंबादास, त्यांना बसवून आण."

अण्णा लिंगायत. त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं करून नेत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि बसल्या जागी समाधी देतात. आमच्यात जाळतात, मला यातलं काही येत नव्हतं. शवागारातल्या माणसाला मी मोडक्या कानडीत सांगू लागलो, तर त्याने हाताने मला थांबवलं. त्याला समजावायची गरज नव्हती. अंग ताठायच्या आत हे करायला हवं, दोन-तीन तासच हातात आहेत, असं काहीसं तो म्हणाला. पोलिसांचे कागद व्हायचे होते, तरी त्याने आधी ते काम हातात घेतलं. अण्णांच्या पिशवीत दुसरं धोतर होतं. ते मी माझ्या हातांनी फाडलं. एकोणतीस वर्षं मी कापड फाडत आलो. दोऱ्याच्या रेषेत कात्रीने खाच दिली की सरळ फाटतं. त्या दिवशी तेही नीट फाटलं नाही. आम्ही दोघांनी गुडघे दुमडले, पट्ट्यांनी बांधले, पाठीला फळी दिली.

परत

अँब्युलन्सच्या त्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. फळी पुरेशी नव्हती, वळणावर ते कलायचे, म्हणून मी त्यांच्या खांद्याला हात लावून सोलापूरपर्यंत बसून राहिलो. उजाडताना इळकल मागे पडलं. ज्या गावच्या साड्या मी जन्मभर विकल्या ते गाव मी त्या वेळी पहिल्यांदा बघितलं, खिडकीच्या फटीतून.

अव्वांनी त्यांना बसलेलं पाहिलं आणि मगच त्या खाली बसल्या.

दुपारी अण्णांना फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवून नवी पेठेतून नेलं. आमच्याकडे व्यापारी गेला की पेठेतली दुकानं शटर अर्धं ओढतात. त्या दिवशीही ओढली. कितीतरी शटरं पूर्ण खाली होती, पण ती आमच्यासाठी नव्हती, ती कित्येक महिन्यांपासून तशीच होती. माळशिरसकडचं एक जोडपं लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं होतं. अंत्ययात्रा जाईपर्यंत दोघं हात जोडून उभी राहिली. मग पुरुषाने माझ्या शेजारच्या माणसाला विचारलं, "आज पेठ बंद हाय व्हय?" हो म्हटल्यावर तो बायकोला म्हणाला, जुळे सोलापुरात लई मोठी दुकानं झालीत म्हंत्यात, तितं जाऊ.

पाचव्या दिवशी गिरीशने मला घरी बोलावलं. अण्णा शेवटी काय म्हणाले ते त्याला हवं होतं. मी सगळं सांगितलं. सुलतान बाजार, रखवालदाराची खोली, खानावळ, पाच बोटं. विक म्हणाले हे ऐकताना त्याचे डोळे भरून आले. अट ऐकल्यावर त्याने ते पुसले.

"विकायचं ते म्हणाले असतील," तो म्हणाला. "पुढचं तू म्हणतोयस."

मी म्हटलं, मी अण्णांना खांद्याला धरून आणलंय, त्यांच्या नावावर खोटं बोलणार नाही. तो म्हणाला, तसं नाही रे, पण माणूस आपलं बघतोच, तुझ्या जागी मीही बघितलं असतं.  माझ्याशिवाय ते दुसऱ्या कुणी ऐकलेलं नव्हतं. अव्वा दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

दोन महिन्यांनी नवी पेठेतलं दुकान रिकामं झालं. गिरीशने मला एकट्याला नव्या शोरूममध्ये घेतलं. मी नाही म्हणायला हवं होतं असं माझी बायकोही कधी म्हणाली नाही, कारण घरात दुसरं मिळवतं कुणी नाही. मी गेलो. बाकी चौघांना मी अण्णांची अट सांगितली, पण त्यांना वाटलं, मी अण्णांच्या शेवटच्या दिवसांचा फायदा करून घेतला. शोरूमसमोर रुंद रस्ता आहे, गाड्या लावायला जागा आहे. गिऱ्हाईक येतं, काचेचं दार ढकलून येतं, पिशवी घेऊन जातं. पायी मात्र कुणी येत नाही.

चौघांतले नूरभाई मॅचिंगचं काउंटर बघायचे. माझ्याआधी तीन वर्षं ते दुकानात लागले होते. परवा ते मला बसस्टॉपवर दिसले. चिंचोळी एमआयडीसीतल्या चादरींच्या एका कारखान्यात पॅकिंगला जातात. हातांना खळ लागून भेगा पडल्या होत्या. मी नजर चुकवली, तरी तेच जवळ आले.

"अंबादास, सच बोल. अण्णा मेरा नाम लिये थे क्या?"

बस येताना दिसत होती.

"लिये थे," मी म्हणालो.

"पहले किसका लिये?"

"तुमचं, नूरभाई."

त्यांनी मान हलवली, डबा काखेत नीट धरला आणि ते बसमध्ये चढले.